धुक्यातला लुकलुकता हेडलाइट: एका पावतीची उकल

जानेवारीतली सकाळ, साडेआठ वाजलेले. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या ९९ नंबरच्या हायवेवर माझा मित्र मोटारसायकलवरून कामाला निघाला होता. सूर्य उगवून तासभर होऊन गेला होता, त्यामुळे अंधार म्हणावा असा नव्हताच. होतं ते दाट धुकं. या खोऱ्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जमिनीलगत जे धुकं साचतं त्याला तिथे ‘टुली फॉग’ म्हणतात. दलदलीत वाढणाऱ्या टुली नावाच्या लव्हाळ्यावरून हे नाव पडलं. नोव्हेंबर २००७ मध्ये याच हायवेवर फ्रेस्नोजवळ धुक्यात शंभराहून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या. त्यामुळे धुकं पडलं की पोलिसांची नजर तीक्ष्ण होते, आणि त्यात वावगं काही नाही.

मित्राच्या हेडलाइटला मॉड्युलेटर बसवलेला आहे. दिवसा त्याचा अप्पर स्थिर न राहता सेकंदाला चार वेळा मंद-प्रखर होत राहतो. पोलीस मागून आला, त्याने बाजूला घ्यायला लावलं आणि विचारलं, ‘‘हा दिवा फ्लॅश का होतोय?’’

आमच्या मित्राने हसतमुखाने टँकबॅगच्या खिशातून प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद काढला. मॉड्युलेटर वापरणारे बरेच जण असा कागद जवळ ठेवतात, त्यावर संघराज्याच्या नियमाचा उतारा छापलेला असतो. पोलिसाने तो वाचला, परत दिला आणि पावती फाडली. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचं कलम २५२५०. पुढे दोनच शब्द: फ्लॅशिंग हेडलॅम्प. आणि ‘दुरुस्त करता येण्याजोगं उल्लंघन’ या चौकटीत ‘होय’वर खूण.

संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा तो खूश होता. ‘‘अरे, शंभर टक्के जिंकणार मी. हे कायदेशीर आहे. त्याला कायदाच माहीत नाही!’’

मी दोन्ही कायदे काढून वाचले. तो म्हणत होता ते अर्धं खरं होतं.

कागदावर काय होतं

आधी त्याची बाजू. अमेरिकेत गाड्यांच्या दिव्यांचं मानक संघराज्य पातळीवर ठरतं, त्याचं नाव एफएमव्हीएसएस १०८. त्यात मोटारसायकलच्या हेडलाइट मॉड्युलेशनला स्पष्ट परवानगी आहे. जुन्या आवृत्तीत ती एस ७.९.४ मध्ये होती, आता एस १०.१७.५ मध्ये आहे. पण परवानगी सैल नाही. वेग मिनिटाला २४० आवर्तनं, अधिक-उणे ४०. प्रत्येक आवर्तनाच्या ५० ते ७० टक्के वेळ दिवा पूर्ण ताकदीने जळला पाहिजे. मंद होताना तो कमाल तीव्रतेच्या १७ टक्क्यांखाली जाता कामा नये. म्हणजे दिवा विझत नाही, फक्त दम घेतो. अप्पर किंवा डिपर, दोन्हींपैकी एकच फिलामेंट असं चालवायचं. स्विचिंग त्या फिलामेंटच्या पॉवरच्या वायरीत हवं, अर्थिंगच्या बाजूला चालत नाही. मॉड्युलेटर जळाला तरी अप्पर आणि डिपर दोन्ही लागले पाहिजेत. मॉड्युलेटरमध्ये व्होल्टेज ०.४५ व्होल्टपेक्षा जास्त पडता कामा नये, नाहीतर एरवीही दिवा मिणमिणता होईल.

शेवटची अट या प्रकरणाचं मूळ आहे. मॉड्युलेटरला उजेड ओळखणारा सेन्सर असलाच पाहिजे. तो आकाशाकडे तोंड करून बसवला असेल तर थेट उजेड २७० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) खाली गेल्यावर लुकलुक थांबली पाहिजे. रस्त्याकडे तोंड असेल तर परावर्तित उजेड ६० लक्सच्या खाली गेल्यावर. मग दिवा नेहमीसारखा स्थिर.

हा सगळा खटाटोप का, तर समोरच्याला मोटारसायकल दिसत नाही म्हणून. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. त्यांचा १९८१चा अहवाल या विषयात अजूनही पहिल्यांदा काढला जातो. दुसऱ्या वाहनाशी टक्कर झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत चूक त्या दुसऱ्या वाहनाची होती: मोटारसायकलचा पहिला हक्क मोडून ते मध्ये घुसलं होतं. ‘मला दिसलाच नाही’ हे त्या चालकांचं ठरलेलं उत्तर. पुढून येणारी मोटारसायकल म्हणजे एक अरुंद आकृती. ती सरळ रेषेत जवळ येत असते, त्यामुळे डोळ्याला हालचाल जाणवतच नाही. लुकलुकणारा ठिपका मात्र नजर ओढून घेतो. माझा स्वतःचा अनुभव विचाराल तर मॉड्युलेटरवाली गाडी आरशात दिसली की पहिल्यांदा पोलीसच आठवतो आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलला जातो. काही लोक यावर चिडतात, ‘खोटा पोलीस’ म्हणतात. चिडण्याइतपत तरी दिसला, हेच स्वाराला हवं असतं.

मित्राच्या पोतडीत आणखी एक बाण होता. संघराज्याच्या वाहन सुरक्षा कायद्याचं ३०१०३(ब) हे कलम म्हणतं की एखाद्या बाबीवर संघराज्याचं मानक असेल तर राज्याने त्याच बाबीवर वेगळं मानक ठेवायचं नाही; यालाच प्रीएम्प्शन म्हणतात. त्यामुळे ‘लुकलुकणारे दिवे बंद’ असं एखाद्या राज्याने सरसकट लिहिलं तरी ते मॉड्युलेटरला लागू पडत नाही. त्याचा कागद याच आधारावर उभा होता. उन्हातल्या दुपारी त्याला अडवलं असतं तर मीही म्हटलं असतं, लढ.

कागदावर काय नव्हतं

गंमत अशी की कॅलिफोर्नियाशी भांडायला संघराज्यापर्यंत जायची गरजच नव्हती. कलम २५२५० म्हणतं, अन्यत्र परवानगी असल्याखेरीज लुकलुकणारे दिवे मनाई. आणि ती परवानगी लगेच पुढे, २५२५१.२ मध्ये आहे: मोटारसायकलच्या हेडलाइटचा अप्पर मिनिटाला २०० ते २८० वेळा मंद-प्रखर करता येईल. आकडे संघराज्याशी तंतोतंत जुळतात. फरक एवढाच की राज्याच्या कलमात फक्त अप्परचा उल्लेख आहे, आणि मित्राचा अप्परवरच होता.

पण त्या कलमाला दुसरं वाक्य आहे, आणि ते कागदावर नव्हतं. ‘डार्कनेस’मध्ये असं मॉड्युलेशन करायचं नाही.

‘‘बरोबर आहे की,’’ मित्र म्हणाला. ‘‘साडेआठ वाजले होते सकाळचे. कुठला अंधार?’’

इथेच मेख आहे. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात ‘डार्कनेस’ची व्याख्या कलम २८० मध्ये दिलेली आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंतचा वेळ, हा पहिला भाग सगळ्यांना माहीत असतो. दुसरा भाग कोणी वाचत नाही: किंवा हायवेवरची व्यक्ती वा वाहन १,००० फुटांवरून स्पष्ट ओळखू येणार नाही अशी दुसरी कोणतीही वेळ. म्हणजे भर दुपारी बारा वाजतासुद्धा, धुकं पुरेसं दाट असेल तर, कायद्याच्या लेखी अंधारच.

आता सेन्सर आणि ही व्याख्या शेजारी ठेवून पाहा. सेन्सर उजेड मोजतो. नजर किती लांब पोहोचते ते त्याला कळत नाही. धुक्यातल्या सकाळी आकाश पांढरंफेक असतं. पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब उजेड खाऊन टाकत नाहीत, चहूकडे उधळतात. वर तोंड करून बसलेल्या सेन्सरला छान दिवस वाटतो, आणि खाली रस्त्यावर पुढची गाडी दिसत नसते. यंत्र संघराज्याच्या आकड्याप्रमाणे अगदी बरोबर वागतं आणि त्याच क्षणी स्वार राज्याचा कायदा मोडत असतो.

हे नुसतं कागदी गणित नको म्हणून आम्ही एका शनिवारी, तशाच धुक्याच्या सकाळी, हायवेवरून जाणाऱ्या एका पुलाच्या कठड्याशी जाऊन उभे राहिलो. माझ्याकडे साधा लक्समीटर होता. त्याचा पांढरा घुमट आकाशाकडे धरला तर आकडा चार हजारांच्या आसपास हलत होता, म्हणजे २७०च्या जवळजवळ पंधरापट. मग खाली पाहिलं. कॅलिफोर्नियाच्या फ्रीवेवर लेनचे तुटक पट्टे साधारण ४८ फुटांच्या हिशेबाने आखतात, १२ फूट पट्टा आणि ३६ फूट मोकळी जागा. हजार फूट म्हणजे असे एकवीस पट्टे. मित्राने कठड्यावर बोट टेकवून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... सहाव्या पट्ट्यानंतर सगळं राखाडी. त्याने पुन्हा मोजले. सहाच.

तीनशे फूटसुद्धा नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘त्या दिवशी याहून दाट होतं.’’

प्रश्न तिथेच संपत नाही. अंधार ‘लागू’ झाला की त्याच्या पाठोपाठ बाकीची कलमंही येतात. कलम २४४०९ सांगतं, अंधारात समोरून येणारं वाहन ५०० फुटांच्या आत असेल किंवा पुढच्या वाहनाच्या मागे ३०० फुटांच्या आत असाल तर डिपर लावा. मित्राच्या पुढे एक ट्रक होता आणि त्याचे लाल दिवे त्याला दिसत होते. त्या धुक्यात पुढच्या ट्रकचे दिवे दिसतात याचा अर्थच अंतर तीनशे फुटांच्या आतबाहेर होतं. म्हणजे मॉड्युलेटर सोडा, नुसता स्थिर अप्परसुद्धा तिथे चुकला असता.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी धुक्यात अप्पर लावून काही मिळत नाही. प्रकाश थेंबांवर आपटून स्वतःच्याच डोळ्यांत परत येतो. तोच लुकलुकत असेल तर समोर पांढरा पडदा सेकंदाला चार वेळा फडफडतो. मी विचारल्यावर मित्राने हे कबूल केलं. त्याला ते त्या सकाळी जाणवलं होतं, पण ‘बंद कसा करणार, तो आपोआपच चालतो ना’.

प्रीएम्प्शनचं काय?

मित्राचा शेवटचा किल्ला हा होता: संघराज्य म्हणतं २७० लक्स, मग राज्याने १,००० फूट म्हणायचं कारण काय? हे वेगळं मानक झालं आणि वेगळं मानक चालत नाही.

युक्तिवाद वाईट नाही. एखादा वकील तो मन लावून मांडेल. पण मला तो पटला नाही. संघराज्याचं मानक दिवा कसा बांधलेला असावा ते सांगतं, गाडी कुठे कशी चालवावी ते नाही. याच मानकाने मोटारसायकलच्या हेडलाइटला अप्पर असणं मान्य केलंय, आणि तो कधी खाली करायचा हे प्रत्येक राज्य सांगतं. अप्पर कायदेशीर आहे म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत मारायची मुभा मिळते, असं कोणी म्हणत नाही. २५२५१.२ मधलं दुसरं वाक्यही मला त्याच जातीचं वाटतं: मॉड्युलेटर कसा असावा हे ते बदलत नाही, तो कधी चालवायचा नाही एवढंच सांगतं.

याच गोंधळाला जोडून आणखी एक गैरसमज आहे. मॉड्युलेटरच्या खोक्यावर ‘डॉट अप्रूव्ह्ड’ (डॉट म्हणजे अमेरिकेचं परिवहन खातं) असं छापलेलं पाहून मित्राला वाटत होतं की सरकारने ही वस्तू तपासून पास केलीय. अमेरिकेत तसं होत नाही. बनवणाराच ‘आमचा माल मानकात बसतो’ असं प्रमाणित करतो, आणि सरकार बाजारातला माल नंतर तपासतं. शिवाय बसवलेली सुरक्षा साधनं निकामी करू नका हे संघराज्याचं बंधन उत्पादक, वितरक आणि दुरुस्ती करणाऱ्या व्यावसायिकांवर आहे. मालकाने घरच्या गॅरेजमध्ये पान्हा हातात घेतला की तो मुख्यतः राज्याच्या कायद्याखाली येतो. जादा दिव्यांचं बरंचसं भांडण याच फटीत होतं: दुकानात मिळतं, म्हणून लावलं, म्हणून चालतं.

मित्राच्या गाडीवर आणखी दोन दिवे होते. क्रॅशगार्डला लावलेले पिवळे फॉगलॅम्प. ते निर्धोक निघाले, कारण कॅलिफोर्निया हे काम इंचात सांगतं: फॉगलॅम्प दोनच, मोटारसायकलवर जमिनीपासून १२ ते ४० इंचांत, आणि हेडलाइटच्या जोडीला, त्याच्या बदली नाही. त्याचे २२ इंचांवर होते. आधीच्या मालकाने इंजिनाखाली चिकटवलेली निळी एलईडी पट्टी मित्राने गाडी घेतली त्याच दिवशी उपटून टाकली होती, ते बरंच झालं. पुढून दिसणारा दिवा पांढरा किंवा पिवळा असावा हा तिथला सर्वसाधारण नियम, आणि निळा म्हटला की पोलिसाच्या मनात पहिलं काय येईल हे सांगायला नको.

खिडकीवरचा प्रसंग

दुरुस्त करता येण्याजोगी पावती मिळाली की मार्ग सोपा असतो. दोष काढायचा, कोणा अधिकृत पोलिसाकडून पावतीवर ‘दुरुस्त झालं’ म्हणून सही घ्यायची, न्यायालयात २५ डॉलर भरायचे, प्रकरण निकाली. पण इथे दुरुस्त काय करायचं? वस्तू तर निर्दोष होती. चुकली होती ती वेळ, आणि वेळ काही गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाही.

मित्राने माझं न ऐकता एका लख्ख दुपारी गाडी घेऊन पोलीस कार्यालय गाठलं आणि सहीसाठी आलेल्या अधिकाऱ्याला दिवा सुरू करून दाखवला. ‘‘बघा, अजून चालतोय, आणि कायदेशीर आहे!’’ कागदही पुढे केला. अधिकाऱ्याने पावती पाहिली. पावतीवर लिहिलेलं ‘फ्लॅशिंग हेडलॅम्प’. समोर हेडलॅम्प फ्लॅश होतोय. त्याने शांतपणे पावती परत केली. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

आता रस्ते तीन होते. मॉड्युलेटर काढायचा, सही घ्यायची आणि पुन्हा बसवायचा. पुष्कळ लोक हेच करतात. किंवा लेखी निवेदनावर खटला मागायचा. कॅलिफोर्नियात किरकोळ वाहतूक गुन्ह्यांसाठी तशी सोय आहे, टीआर-२०५ नावाचा फॉर्म भरायचा, पण त्यासोबत दंडाची पूर्ण रक्कम आधी ठेवावी लागते. मूळ दंड छोटा दिसला तरी त्यावर अधिभार चढून तो कितीतरी पट होतो. शिवाय पोलिसानेही निवेदन लिहून पाठवलं आणि त्यात धुकं आलं, तर सहा पट्ट्यांचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. आम्हीच तर मोजले होते.

तिसरा रस्ता आम्ही घेतला. खोट वापरात होती, तर वापर स्वाराच्या हातात द्यायचा. त्याच्या मॉड्युलेटरची रचना सुटसुटीत आहे. हेडलाइटच्या एच४ बल्बचा तीन पात्यांचा कपलर काढून मधे तो खोचलेला, आणि त्यातून निघालेली बारीक दोन वायरींची दोरी विंडशील्डखालच्या सेन्सरपर्यंत जाते. त्याचा सेन्सर साध्या प्रकाशरोधकाचा. उजेडात रोध कमी, अंधारात प्रचंड. म्हणजे वायर तुटली की मॉड्युलेटरला रात्र झाल्यासारखं वाटतं आणि दिवा स्थिर होतो. आम्ही त्या दोरीतल्या एका वायरीत छोटा वॉटरप्रूफ टॉगल टाकला, डाव्या मुठीजवळ, अंगठ्याला लागेल असा. बल्बच्या पॉवरच्या वायरीला हात लावला नाही. त्यामुळे ०.४५ व्होल्टची अट आणि ‘बिघडला तरी दोन्ही बीम चालू’ ही अट जशीच्या तशी राहिली. सोल्डरिंग, हीटश्रिंक, दोन केबलटाय. चहा धरून चाळीस मिनिटं.

पुढच्या खेपेला तो गप्प उभा राहिला. टॉगल बंद, अप्पर स्थिर, डिपर स्थिर. अधिकाऱ्याने दोन्ही पाहिले, टॉगलकडे बोट दाखवून विचारलं, ‘‘हे कशासाठी?’’ मित्र म्हणाला, ‘‘धुक्यासाठी.’’ सही झाली. २५ डॉलर भरले.

ते २५ डॉलर त्याला अजून सलतात. ‘‘म्हणजे चूक माझी होती असं मान्य केल्यासारखंच झालं,’’ असं तो म्हणतो, आणि मी ‘होतीच की’ म्हटलं की विषय बदलतो. कागद मात्र टँकबॅगमध्ये आहे. परवा मी उघडून पाहिला तर संघराज्याच्या उताऱ्याखाली त्याने बॉलपेनने मराठीत लिहून ठेवलंय: ‘२१ पट्टे दिसले तरच.’